फॉन्ट निवडण्याआधी ‘दऱ्या’ लिहून पाहावे

काही वर्षांपूर्वी एका मराठी संकेतस्थळाची मांडणी मी पूर्ण केली, तेव्हा त्यासाठी शोधून काढलेल्या मोफत फॉन्टचा मला थोडा अभिमानच वाटत होता. अक्षरे टपोरी होती, वळणे डौलदार होती आणि शीर्षके तर जाणत्या पेंटरने हाताने रंगवल्यासारखी दिसत होती. स्थळ सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील, तोच एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ‘दऱ्या’ या शब्दातल्या ‘र’खाली एक टिंब होते, टिंबाखाली मोडलेला पाय होता आणि ‘या’ शेजारी एकटाच उभा होता. मग मी बाकीची पाने चाळली, तर ‘वाहणाऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘पुढाऱ्यांनी’ या सगळ्या शब्दांची तीच गत झालेली होती. फॉन्ट निवडताना मी पाहिलेला नमुना-मजकूर हिंदीत होता आणि हिंदीला या अक्षराची गरजच पडत नाही. चूक फॉन्टची म्हणावी, तर त्याने मराठीचे आश्वासन कधी दिलेच नव्हते. ती माझीच होती.

तेव्हापासून मी फॉन्टच्या दालनात शिरण्याची पद्धत बदलली. दालनात प्रत्येक फॉन्ट मोठ्या आकारात, भरपूर मोकळ्या जागेत आणि निवडक शब्दांत सजवून मांडलेला असतो, म्हणून तो देखणा दिसतोच. आपल्या पानावर मात्र त्याला लहान आकारात, दाटीवाटीने आणि हवे ते शब्द घेऊन उभे राहायचे असते. त्यामुळे रूपाचा विचार मी आता सर्वांत शेवटी करतो.

सर्वांत आधी परवाना. आपल्या भाषेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ही सोय फॉन्टच्या बाबतीत फार उपयोगी पडते. मोफत फॉन्ट म्हणजे पैसे न देता उतरवून घेता येणारा फॉन्ट, एवढेच. तो केवळ वैयक्तिक वापरासाठी असू शकतो, छपाईसाठी चालतो पण संकेतस्थळावर चढवता येत नाही असेही असू शकते, किंवा त्याच्यासोबत परवान्याचा कागदच नसतो, आणि तसा नसेल तर परवानगी नाही असेच धरून चालावे. मुक्त फॉन्टचे तसे नसते. एसआयएल या संस्थेने तयार केलेला ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ हा परवाना २००५ मध्ये आला, त्याची आज प्रचलित असलेली १.१ ही आवृत्ती २००७ची आहे, आणि देवनागरीतले बहुतेक चांगले मुक्त फॉन्ट याच परवान्याखाली मिळतात. तो व्यावसायिक कामाला चालतो, फॉन्ट आपल्या सर्व्हरवर ठेवू देतो, त्यात बदल करू देतो आणि बदललेली आवृत्ती पुढे वाटूही देतो. अटी मोजक्या आहेत. फॉन्ट एकटाच विकायचा नाही, बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली ठेवायचा आणि मूळ कर्त्याने एखादे नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचे नाही. ही शेवटची अट अनेकांच्या ध्यानात येत नाही. फाइल हलकी करण्यासाठी आपण फॉन्टमधली नको असलेली अक्षरे काढून टाकतो, तेव्हा तोही एक बदलच ठरतो; म्हणून असे काही करण्यापूर्वी परवान्याची फाइल उघडून वर राखीव नावाची ओळ आहे का, ते पाहून घ्यावे.

फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणानुसार आहे ना, हे आज वेगळे सांगायची गरज पडू नये, पण पडते. शिवाजी, सुरेख, श्रीलिपी अशा जुन्या संचांवर एका पिढीने टंकन केले. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अशा फॉन्टमधला मजकूर पानावर मराठी दिसतो, पण शोधयंत्राच्या लेखी तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग असतो. जुने साहित्य संकेतस्थळावर आणायचे असेल, तर ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. जुना फॉन्ट वेबवर चढवण्याचा मोह टाळावा.

आता मुख्य परीक्षा, म्हणजे अक्षरांची. इंग्रजीत सगळी अक्षरे एका वाक्यात येतात असे एक कोल्ह्याचे वाक्य प्रसिद्ध आहे. देवनागरीत नुसती अक्षरे तपासून भागत नाही. ती एकमेकांना भेटल्यावर काय होते, ते पाहावे लागते. त्यासाठी मी स्वतःपुरते एक वाक्य रचले आहे: ‘उद्ध्वस्त राष्ट्राच्या वाङ्मयात मूर्तींची आणि दऱ्याखोऱ्यांची वर्णने हृद्य असतात, असे शाळेतल्या ॲनाला वाटते.’ साहित्य म्हणून या वाक्याची किंमत शून्य आहे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द काहीतरी तपासतो.

‘उद्ध्वस्त’मध्ये द, ध आणि व एकमेकांना बिलगतात. फॉन्ट चांगला असेल, तर हे तिघे नीट एकत्र येतात किंवा निदान पाय मोडून का होईना, क्रमाने वाचता येतात. ‘राष्ट्र’मधला ट खालचा र कसा पोटात घेतो, हे पाहावे. ‘वाङ्मय’ हा तर सापळाच आहे. ङ आणि ड यांच्यात फरक फक्त एका टिंबाचा. ते टिंब लहान आकारात पुसट झाले, की वाचणारा ‘वाड्मय’ वाचतो. ‘मूर्तींची’ या शब्दात ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची गर्दी होते, सामान्य फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढून एक काळा ठिपका उरतो. ‘हृद्य’मधला ऋकार ‘ह’च्या पोटाखाली नीट बसतो की शेजारी लोंबकळतो, हे पाहण्यासारखे असते.

‘दऱ्याखोऱ्यांची’ या शब्दाची हकिकत वर आलीच आहे. या अर्ध्या ‘र’ला काही जण चंद्रकोरीसारखा र म्हणतात, आणि मराठीत तो केवळ शोभेसाठी नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. ‘दऱ्या’ डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फॉन्टने हा फरक पुसला, तर लेखकाने लिहिलेला शब्दच बदलतो. शेवटच्या ‘ॲना’मधला ॲ मी मुद्दाम घातला आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे त्याआधी तयार झालेल्या आणि पुढे न सुधारलेल्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही. मग ब्राउझर ते दुसऱ्याच एखाद्या फॉन्टमधून उसने आणतो आणि ‘ॲप’ या शब्दातले पहिले अक्षर बारीक, तर दुसरे जाड दिसू लागते. आजच्या मजकुरात ॲप, ॲडमिन, ॲलर्जी असे शब्द पावलोपावली येतात, तेव्हा हे ठिगळ लपत नाही.

‘शाळेतल्या’ या शब्दातले श आणि ल हा मराठी माणसाचा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांसारखा, तर हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो, ‘श’चीही दोन भाषांत दोन वळणे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढून अक्षरांची रूपे निश्चित केली, पण युनिकोडमध्ये या दोन्ही वळणांना एकच स्थान आहे, म्हणून कोणते वळण दिसेल ते फॉन्टच ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि पानाची भाषा पाहून योग्य ते वळण आपोआप निवडले जाते. येथे एक गोष्ट फॉन्टच्या नव्हे, आपल्या हातात असते. पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये ‘लँग’ या गुणधर्माची किंमत मराठीची म्हणजे ‘एमआर’ अशी द्यावी लागते. कित्येक मराठी संकेतस्थळांवर ती तयार साच्यातून आलेली इंग्रजीचीच राहते, आणि मग फॉन्टमध्ये मराठी ल असूनही वाचकाला तो कधीच दिसत नाही. हा एक शब्द बदलून संपूर्ण संकेतस्थळाचे रूप पालटलेले मी पाहिले आहे.

अक्षरे पूर्ण आहेत अशी खात्री पटल्यावर आकार लहान करावा. भ आणि म, तसेच ध आणि घ यांच्यातला फरक पाहणाऱ्याच्या दृष्टीने मुख्यतः डोक्यावरच्या फटीचा असतो. शिरोरेषा जाड झाली किंवा आकार उतरला, की ती फट बुजते आणि ‘भाग’चा ‘माग’ व ‘धन’चा ‘घन’ होतो. ठळक फॉन्टमध्ये हा धोका सर्वांत जास्त. त्यातही फॉन्टच्या संचात ठळक वजनच (वजन म्हणजे अक्षरांच्या जाडीची पायरी) नसेल, तर ब्राउझर साध्या अक्षरांवर आपल्या मनाने जाडी चढवतो आणि उरलीसुरली फटही भरून टाकतो. म्हणून मी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, अशी कृत्रिम जाडी चढवणारे ‘फॉन्ट-सिंथेसिस’ बंद ठेवतो. ठळक वजन नसेल तर मजकूर साधा दिसला तरी चालेल, पण खोटा ठळक नको. खोट्या तिरक्या अक्षरांचेही तेच. देवनागरीला तिरकेपणाची परंपरा फारशी नाही, तेव्हा इंग्रजी साच्यातून आलेले तिरके अवतरण ठळकपणाने किंवा रंगाने दाखवणे बरे.

इंग्रजी साच्यांतून येणारी आणखी एक खोड म्हणजे शीर्षकातल्या अक्षरांमध्ये अंतर वाढवणे. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभते. देवनागरीत ‘लेटर-स्पेसिंग’ थोडेही वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि एक शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन बसतो. हे मूल्य देवनागरी मजकुरासाठी शून्यच ठेवावे. ओळींमधले अंतर मात्र उदारपणे द्यावे, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरे असे दोन्ही दिशांना हातपाय असतात. मी मूळ मजकूर १८ पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या १.७ पट अशी सुरुवात करतो आणि मग फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करतो.

आता नावांकडे येतो. दीर्घ मजकुरासाठी माझा हात अनेकदा ‘मुक्ता’कडे जातो. एक टाइप या संस्थेचा हा फॉन्ट सात वजनांत मिळतो, अक्षरांची पोटे मोकळी आहेत, आणि गुजराती, गुरुमुखी व तमिळ लिप्यांसाठी त्याची भावंडे असल्याने बहुभाषी स्थळाला एकच चेहरा देता येतो. बटणे, याद्या, तक्ते असे काम असेल, तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’ हा पाच वजनांचा फॉन्ट अधिक आटोपशीर वाटतो. त्याच संस्थेचा ‘पॉपिन्स’ नऊ वजनांत आहे आणि लोकप्रियही फार आहे. पण त्याची भौमितिक गोलाई शीर्षकात जितकी खुलते, तितकीच ती परिच्छेदांत डोळ्यांना थकवते, असे माझे मत आहे. पुस्तकी मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ सुचवावासा वाटतो. टिरो टाइपवर्क्स या संस्थेने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांच्यासाठी तीन वेगवेगळे फॉन्ट दिले, त्यामुळे मराठी वळणांसाठी कुठल्याही खटपटीची गरज उरत नाही. त्यात ठळक वजन नाही, ही उणीव आहे. ती शीर्षकाला दुसरा फॉन्ट घेऊन भरून काढता येते. जाडी-बारकीचा तोच पुस्तकी खेळ हवा आणि वजनेही हवीत, तर ‘मार्टेल’ पाहावा. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा शहाण्या मुलासारखा आहे. कोणतेही जोडाक्षर सांगा, तो अडत नाही, पण त्याच्या चेहऱ्याची आठवणही फारशी राहत नाही. ‘मोदक’, ‘यात्रा वन’, ‘बालू’ यांसारखे फॉन्ट शीर्षकाचे आहेत. ‘मोदक’मध्ये अक्षरे इतकी फुगलेली आहेत, की त्यात परिच्छेद लावणे म्हणजे वाचकाची परीक्षा घेणे होय.

एका पानावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट आणि तीनपेक्षा जास्त वजने मी घेत नाही.

मराठी मजकुरात रोमन शब्द येतातच: संकेतस्थळांचे पत्ते, फाइलींची नावे, क्वचित एखादे सूत्र. वरच्या फॉन्टपैकी बहुतेकांत रोमन अक्षरेही असतात आणि ती देवनागरीच्या मापाने बेतलेली असतात, तेव्हा त्यांचाच वापर केलेला बरा. वेगळा रोमन फॉन्ट हवाच असेल, तर सीएसएसमधल्या क्रमाकडे लक्ष द्यावे. रोमन फॉन्टचे नाव आधी लिहिले, तर पूर्णविराम, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे रोमन फॉन्टमधून येतात आणि अक्षरे देवनागरी फॉन्टमधून. मराठीत विरामचिन्हे पाश्चात्त्य पद्धतीचीच असल्यामुळे ही सरमिसळ प्रत्येक ओळीत होते, आणि जाड अक्षरांच्या वाक्याशेवटी एक किरकोळ पूर्णविराम का दिसतो, हे शोधण्यात दुपार जाते. माझी गेली होती.

राहिला प्रश्न फॉन्ट वाचकापर्यंत पोहोचवण्याचा. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकार असतात, म्हणून त्याची फाइल नुसत्या रोमन फॉन्टपेक्षा स्वाभाविकच जड असते. ती वॉफ२ या, वेबसाठी आवळलेल्या फॉन्ट-फाइलच्या स्वरूपातच द्यावी. हे स्वरूप २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचे प्रमाण झाले आणि ब्रॉटली या फाइल आवळण्याच्या पद्धतीमुळे त्याची फाइल आधीच्या वॉफपेक्षा सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास लहान होते. यापलीकडे कात्री चालवायची असेल, तर जपून चालवावी. एकदा एका ऑनलाइन साधनात मी फॉन्टची फाइल टाकली आणि ‘फक्त देवनागरी ठेवा’ असे सांगितले. त्याने अक्षरे ठेवली, पण ती जोडण्याचे नियम ज्या तक्त्यांत असतात ते तक्तेच फेकून दिले. फाइल छान हलकी झाली आणि पानभर पाय मोडलेली अक्षरे उभी राहिली. फॉन्टमधून अक्षर काढणे सोपे असते. त्या अक्षराचे नातेसंबंध जपायचे असतील तर लेआउटचे तक्ते राखणारे साधनच वापरावे लागते.

फॉन्ट गूगल फॉन्ट्ससारख्या सेवेतून थेट जोडावा की स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा, हा वाद जुना आहे. २०१० मध्ये ही सेवा सुरू झाली, त्यानंतर अनेक वर्षे एक युक्तिवाद केला जाई, की वाचकाने तोच फॉन्ट दुसऱ्या एखाद्या स्थळावर आधीच उतरवलेला असेल, तर आपल्याकडे तो पुन्हा उतरवावा लागणार नाही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरच्या ८६व्या आवृत्तीपासून उतरवलेल्या फाइलींचा साठा प्रत्येक स्थळापुरता वेगळा ठेवला जातो, त्यामुळे तो लाभ संपला. शिवाय बाहेरून फॉन्ट मागवताना वाचकाचा आयपी पत्ता त्या सेवेकडे जातो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने याच कारणावरून एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरोंची भरपाई द्यायला लावली होती. मी फॉन्ट स्वतःकडे ठेवतो आणि त्याच फोल्डरमध्ये परवान्याची फाइलही ठेवतो. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ची ती अपेक्षा आहे, आणि दोन वर्षांनी हा फॉन्ट कुठून आणला होता असा प्रश्न स्वतःलाच पडतो, तेव्हा उत्तरही तिथेच सापडते.

फॉन्ट उतरेपर्यंत वाचकाला काय दिसावे, हे सीएसएसमधली ‘फॉन्ट-डिस्प्ले’ ही सूचना ठरवते. काहीच सांगितले नाही, तर बहुतेक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतात. ‘स्वॅप’ सांगितले, तर उपकरणातल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दिसतो आणि आपला फॉन्ट आला की बदलतो. पण दोन देवनागरी फॉन्टच्या उंचीत बरीच तफावत असू शकते, आणि बदलाच्या क्षणी वाचकाची ओळ डोळ्यांखालून सरकते. ‘साइझ-ॲडजस्ट’ वापरून पर्यायी फॉन्टचे माप आपल्या फॉन्टच्या जवळ आणता येते. दीर्घ लेखांच्या पानांवर मी ‘ऑप्शनल’ पसंत करतो: फॉन्ट वेळेत आला तर ठीक, नाहीतर त्या भेटीपुरते उपकरणातल्या फॉन्टवर भागवावे.

आणि उपकरणातला फॉन्ट म्हणजे काही शिक्षा नव्हे. विंडोज ८पासून निर्मला यूआय आहे, अँड्रॉइडवर नोटो आहे, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी आहे. तिन्ही वाचायला चांगले आहेत आणि त्यांचे वजन वाचकाच्या डेटावर पडत नाही. अलीकडे मी एका स्थळावर केवळ शीर्षकांसाठी ‘मुक्ता’चे एक ठळक वजन उतरवले आणि खालचा सगळा मजकूर उपकरणाच्या फॉन्टवर सोपवला. ते करण्यापूर्वी तिन्ही प्रकारची उपकरणे शेजारी शेजारी ठेवून माझे ते ॲनाचे वाक्य प्रत्येकावर वाचले. शीर्षकात ‘भाग’ हा शब्द होता. त्यातल्या ‘भ’ची फट सर्वांत लहान पडद्यावर जेमतेम उरली होती, म्हणून ठळक काढून निम-ठळक वजन लावले.